जुनं ट्रूक्रिप्ट कंटेनर टेल्समध्ये कसं उघडायचं, आणि उघडल्यावर काय करायचं

व्हेराक्रिप्ट या फाइली आणि डिस्का कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या प्रोग्रामची आजची आवृत्ती घ्या, त्याच्या आधीच्या ट्रूक्रिप्ट या प्रोग्रामनं २०१० साली केलेली एखादी कुलूपबंद फाइल, म्हणजे कंटेनर, तिच्यात निवडा आणि अगदी बरोबर पासवर्ड टाका. उत्तर येईल की पासवर्ड चुकीचा आहे, किंवा हे व्हेराक्रिप्टचं व्हॉल्यूम (कुलूपबंद फाइल किंवा डिस्क) नाही. बहुतेक जण त्यातला पहिला अर्धा भाग वाचतात, आठवतील ते जुने पासवर्ड टाकून पाहतात आणि शेवटी 'गेलं सगळं' म्हणून डिस्क कपाटात परत ठेवतात. पासवर्डमध्ये काहीच खोट नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या १.२६.७ या आवृत्तीपासून व्हेराक्रिप्टनं ट्रूक्रिप्टचं स्वरूप वाचणंच सोडून दिलंय. त्याच आवृत्तीत रायपएमडी-१६० हे हॅशही (पासवर्डवरून किल्ली बनवण्याची एक गणिती रीत) काढून टाकलं गेलं, त्यामुळे ते वापरून केलेली खुद्द व्हेराक्रिप्टची जुनी व्हॉल्यूमही उघडत नाहीत.

हा लेख अशा डिस्कांसाठी आहे. टेल्स ही पेन ड्राइव्हवरून चालणारी, बंद केल्यावर संगणकावर मागे काही न ठेवणारी लिनक्स प्रणाली इथे मुख्य हत्यार आहे. ती निवडायची दोन कारणं. जुनी स्वरूपं वाचण्याची सोय तिच्यात आधीपासून आहे. आणि ज्या मजकुराला कधीकाळी कुलूप लावावंसं वाटलं, तो रोजच्या विंडोजवर उघडून त्याच्या तात्पुरत्या फाइली, लघुचित्रं आणि 'अलीकडचे दस्तऐवज' यांत त्याच्या खुणा सोडण्यात काही शहाणपण नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या स्वरूपाला आधार द्यायचा तो वाचण्यापुरता. उघडा, बाहेर काढा, नव्या एन्क्रिप्शनमध्ये ठेवा. 'उघडतंय ना, मग राहू दे तसंच' हा विचार का चालत नाही, ते पुढे येईलच.

थोडा इतिहास

ट्रूक्रिप्ट २००४ मध्ये आलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर एकच फाइल उघडते, ही त्याची मोठी सोय होती. त्यामुळे पत्रकार, वकील, संशोधक आणि नुसतेच सावध असलेले लोक त्यावर विसंबून राहिले. फेब्रुवारी २०१२ ची ७.१अ ही त्याची शेवटची पूर्ण आवृत्ती. २८ मे २०१४ रोजी त्याच्या निनावी निर्मात्यांनी प्रकल्प एकाएकी बंद केला आणि लोकांना दुसरीकडे जायला सांगितलं. सोबत दिलेली ७.२ ही आवृत्ती फक्त उघडण्यासाठी होती, नवं व्हॉल्यूम तिच्यात करता येत नाही. त्याच सुमारास चाललेल्या स्वतंत्र तपासणीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१५ मध्ये संपला. त्यात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं नाही, मात्र काही दोष सापडले. ट्रूक्रिप्टच्याच कोडवरून मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं व्हेराक्रिप्ट मग त्याचा वारसदार ठरलं.

टेल्समध्ये ट्रूक्रिप्ट होतं, पण अवघडलेलं. त्याचा कोड वाचायला मिळत असला तरी परवाना डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. म्हणून टेल्सनं ते मेनूत उघडपणे ठेवलं नव्हतं, सुरू करताना बूट पर्यायात खास शब्द टाकावा लागे. डिसेंबर २०१४ च्या १.२.१ आवृत्तीत ते काढलं गेलं आणि जुनी व्हॉल्यूम क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या नेहमीच्या साधनानं टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, उघडायची वाट दाखवली गेली. क्रिप्टसेटअपला हे स्वरूप २०१३ पासून येत होतंच. टर्मिनलला न सरावलेल्या माणसाची मात्र पुढची जवळपास चार वर्षं अडचणीत गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये टेल्स ३.९ आलं आणि व्हेराक्रिप्ट-ट्रूक्रिप्ट उघडण्याची सोय माऊसच्या टिचकीवर आली. यातली कौतुकाची गोष्ट अशी की हे काम टेल्सपुरतं राहिलं नाही. डिस्का हाताळणाऱ्या युडिस्क्स आणि ग्नोम डिस्क्स या मूळ प्रकल्पांतच ते घातलं गेलं, त्यामुळे ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्या इतर लिनक्स वितरणांनाही ते मिळालं.

संगणकाला हे ओळखू का येत नाही

हा भाग घाईत वगळू नका, पुढच्या निम्म्या अडचणींची उत्तरं इथेच आहेत.

लक्स या लिनक्सच्या स्वरूपात डिस्कच्या सुरुवातीला 'मी लक्स आहे' असं उघड लिहिलेलं असतं. ट्रूक्रिप्टच्या कुळात असं काहीच नसतं, आणि ते मुद्दामच. पहिले ५१२ बाइट म्हणजे हेडर. त्यातले पहिले ६४ बाइट सॉल्ट, म्हणजे निव्वळ यादृच्छिक आकडे, आणि उरलेलं सगळं एन्क्रिप्ट केलेलं. पासवर्ड मिळाल्यावर प्रोग्राम एक हॅश आणि एक सायफर (मजकूर कुलूपबंद करण्याची रीत) धरून हेडर उलगडून बघतो. उलगडलेल्या मजकुराच्या सुरुवातीला ट्रूक्रिप्टसाठी 'ट्रू' किंवा व्हेराक्रिप्टसाठी 'व्हेरा' ही चार रोमन अक्षरं दिसली तर जमलं. नाही दिसली तर पुढची जोडी. सगळ्या जोड्या संपल्या की हात वर. म्हणजे चुकीचा पासवर्ड, हरवलेली कीफाइल (पासवर्डसोबत किल्ली म्हणून लावलेली फाइल), काढून टाकलेलं हॅश आणि सहज यादृच्छिक आकड्यांनी भरलेली डिस्क, या चारही गोष्टी प्रोग्रामला अगदी सारख्याच दिसतात. चुकीच्या पासवर्डचा तो संदेश फसवा वाटतो तो यामुळे. खरं कारण प्रोग्रामलाच कळायला मार्ग नाही.

मग टेल्सला पेन ड्राइव्ह लावल्यावर 'हे कदाचित एन्क्रिप्ट केलेलं असेल' हे कसं सुचतं? युडिस्क्सच्या पोटात असलेली लिबब्लॉकडेव्ह ही लायब्ररी पहिल्या ५१२ बाइटांवर काय-वर्ग चाचणी करते. उत्तर १३६ आणि ४२६ यांच्या दरम्यान आलं तर मजकूर पुरेसा विस्कळीत आहे, म्हणजे हे ट्रूक्रिप्ट किंवा व्हेराक्रिप्ट असू शकतं, असा अंदाज बांधते. हा अंदाजच आहे. कुणी यादृच्छिक आकड्यांनी पुसलेली डिस्कही याच यादीत येते, त्यामुळे कुलपाचं चित्र दिसलं म्हणून आत काही आहेच असं समजू नका.

ही चाचणी साध्या वितरणांत आपोआप चालत नाही. युडिस्क्सच्या सेटिंगच्या फोल्डरात टी-क्रिप्ट नावाची एक फाइल असली तरच चालते. फाइल रिकामी असली तरी चालेल, ती तिथे असणं पुरेसं आहे. टेल्सनं ती ठेवलेली आहे. तुम्ही स्वतः एखादं वितरण बांधत असाल तर हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो, आणि त्याबरोबर आणखी दोन गोष्टी तपासायच्या असतात. सर्पंट आणि टूफिश या सायफरांची कर्नल मॉड्यूलं जागा वाचवण्याच्या नादात काढली गेली नाहीत ना? आणि ओपनएसएसएलचा 'लेगसी' भाग बसवलेला आहे ना? ओपनएसएसएल ३.० मध्ये व्हर्लपूलसारखी जुनी हॅशं त्या वेगळ्या भागात गेली आणि काही वितरणांत तो भाग स्वतंत्र पॅकेजात असतो. तो नसेल तर व्हर्लपूलनं केलेलं कंटेनर उघडणार नाही, आणि वापरणाऱ्याला दिसेल तो पुन्हा पासवर्ड चुकल्याचाच संदेश. क्रिप्टसेटअपच्या चाचणी-संचात हॅश आणि सायफरांच्या वेगवेगळ्या जोड्यांच्या नमुना प्रतिमा आहेत. प्रत्येक नव्या आवृत्तीआधी त्या चालवून बघणं हे कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा खात्रीचा उपाय नाही.

सुरुवातीला काय जमवायचं

एका कागदावर लिहून काढा: कंटेनर फाइल आहे, पार्टिशन आहे, की विंडोजची अख्खी सिस्टिम एन्क्रिप्ट केलेली होती? साधारण कोणत्या वर्षी केलं? पासवर्ड काय असू शकतो? कीफाइल होती का? पीआयएम होता का? पीआयएम, म्हणजे हॅशच्या फेऱ्या किती करायच्या ते ठरवणारा आकडा, ही व्हेराक्रिप्टमध्ये २०१५ पासून आलेली सोय आहे, ट्रूक्रिप्टमध्ये ती नव्हतीच. तेव्हा व्हॉल्यूम त्याआधीचं असेल तर तो प्रश्न खोडून टाका.

वर्षाला महत्त्व आहे. नोव्हेंबर २००५ पूर्वीची व्हॉल्यूम एन्क्रिप्शनच्या सीबीसी पद्धतीची, तिथून फेब्रुवारी २००८ पर्यंतची एलआरडब्ल्यू पद्धतीची आणि त्यानंतरची एक्सटीएस पद्धतीची. जुलै २००८ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून व्हॉल्यूमच्या शेवटी हेडरची राखीव प्रतही असते. बहुतेकांकडच्या डिस्का २००९ ते २०१४ मधल्या असतात आणि त्यांचं काम सरळ होतं. २००६ सालच्या सीडीवरचं कंटेनर असेल तर कमांडलाइनची तयारी ठेवा.

फाइलला नावच नसेल किंवा भलतंच एक्स्टेन्शन असेल तर एक झटपट परीक्षा आहे: तिचा बाइटमधला आकार ५१२ नं पूर्ण भागला जातो का पाहा. जात नसेल तर ते पूर्ण कंटेनर नाही. कदाचित अर्धवट कॉपी झालेलं असेल.

आणि ही डिस्क विंडोज संगणकाला लावूच नका. विंडोजला तिच्यात ओळखीचं काही दिसत नाही, म्हणून ते 'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज करा' असं विचारतं. अख्खी डिस्क पार्टिशनशिवाय एन्क्रिप्ट केलेली असेल तर हेडर पहिल्याच सेक्टरमध्ये असतं आणि इनिशियलाइज केल्यावर पहिला घाव तिथेच बसतो. घरातल्या कुणीतरी सवयीनं 'ओके' दाबणं, इतकंच पुरतं. असं आधीच होऊन गेलं असेल तर घाबरू नका, राखीव हेडरचा उपाय पुढे दिला आहे.

पायरी १: आधी प्रत

मूळ डिस्कवर काहीही करून बघायचं नाही. फाइल असेल तर ती दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि दोन्हींचा एसएचए-२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून पाहा. लक्षात ठेवा, फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, तिथे एक्सफॅट किंवा एक्स्ट-४ लागेल.

पार्टिशन असेल तर त्याची प्रतिमा, म्हणजे सगळ्याची एका फाइलीतली प्रत, काढा. डिस्क जुनी, टकटक आवाज करणारी असेल तर ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब सेक्टरांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. नोंदवही म्हणून मॅपफाइल द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच थांबल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. प्रतिमेची लांबी बाइट-न्-बाइट मूळ पार्टिशनइतकीच हवी, कारण राखीव हेडरची जागा शेवटापासून मोजली जाते.

इथे एक सोय आहे. साध्या पार्टिशनचं आणि कंटेनर फाइलचं अंतर्गत स्वरूप एकच असतं. त्यामुळे पार्टिशनची प्रतिमा ही थेट कंटेनर फाइल म्हणूनच उघडता येते.

पायरी २: टेल्स सुरू करताना

टेल्स अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिथे सांगितलेली पडताळणी करा. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. सुरू झाल्यावर स्वागताच्या पडद्यावर तीन गोष्टी ठरवायच्या.

कीबोर्डची मांडणी पहिली. पासवर्ड ज्या मांडणीवर बनवला तीच निवडा. अमेरिकन आणि ब्रिटिश मांडणीत अवतरणचिन्ह आणि 'अॅट'चं चिन्ह यांची अदलाबदल असते. परदेशात राहिलेल्यांच्या जर्मन मांडणीत तर वाय आणि झेड ही अक्षरंच जागा बदलतात.

दुसरी, प्रशासकाचा पासवर्ड. टेल्समध्ये तो मुळात नसतो, तुम्ही ठरवाल तेव्हाच तयार होतो. टर्मिनलमधल्या कामांना आणि संगणकातल्या अंतर्गत डिस्कला हात लावायला तो लागतो.

तिसरी, नेटवर्क बंद. या कामाला इंटरनेट लागत नाही, मग ते चालू का ठेवायचं?

आणखी एक: टेल्सच्या डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं बंद करताच नाहीसं होतं. काढलेला मजकूर ठेवायला वेगळी डिस्क आधीच हाताशी असू द्या.

पायरी ३: उघडणे

अॅप्सच्या यादीत व्हेराक्रिप्ट व्हॉल्यूम उघडण्याचं एक छोटं साधन आहे. नाव व्हेराक्रिप्टचं असलं तरी ट्रूक्रिप्टही त्यात चालतं. मला मात्र डिस्क्स या अॅपमधून जाणं बरं वाटतं, कारण तिथे लिहिण्याला आवर घालता येतो. डिस्क्स उघडा, मेनूतून डिस्क प्रतिमा जोडण्याचा पर्याय घ्या. फाइल निवडायच्या खिडकीत 'सर्व फाइली' अशी निवड करा, नाहीतर तुमचं कंटेनर यादीत दिसणारच नाही. खाली 'फक्त वाचण्यासाठी' अशा अर्थाची चौकट आधीच टिक केलेली असते, ती तशीच ठेवा. मग डावीकडच्या यादीत नवं उपकरण येईल, त्यावरचं कुलपाचं बटण दाबा.

पासवर्डच्या खिडकीत कीफाइल, पीआयएम, छुपं व्हॉल्यूम आणि विंडोज सिस्टिम असे जादा पर्याय असतात. साध्या ट्रूक्रिप्ट कंटेनरला पासवर्ड आणि असलीच तर कीफाइल एवढंच लागतं.

किती वेळ लागतो हीसुद्धा एक खूणच आहे. ट्रूक्रिप्ट पासवर्डवरून किल्ली बनवताना हॅशच्या फक्त १,००० किंवा २,००० फेऱ्या करतं, तर व्हेराक्रिप्ट नेहमीच्या व्हॉल्यूमसाठी ५,००,००० च्या घरात. त्यामुळे खरं ट्रूक्रिप्ट व्हॉल्यूम बरोबर पासवर्डनं लगेच उघडतं. चुकीच्या पासवर्डला मात्र सगळ्या जड जोड्या संपेपर्यंत थांबावं लागतं. बराच वेळ चाक फिरतंय म्हणजे ट्रूक्रिप्ट म्हणून तरी ते जमलेलं नाही.

याच आकड्यांत या स्वरूपाचा कमकुवतपणाही दिसतो. २००४ च्या संगणकांसाठी हजार फेऱ्या ठीक होत्या. आजच्या ग्राफिक्स कार्डाला त्या म्हणजे काहीच नाहीत, आणि आपले तेव्हाचे पासवर्डही फारसे लांबलचक नसायचे.

छुपं व्हॉल्यूम (बाहेरच्या व्हॉल्यूमच्या रिकाम्या जागेत वेगळ्या पासवर्डनं लपवलेलं दुसरं) असेल तर दोन्ही स्वतंत्रपणे उघडायची. त्याचं हेडर सुरुवातीपासून ६५,५३६ बाइटांवर असतं, म्हणून तो पर्याय टिक केल्याशिवाय त्याचा पासवर्ड चालत नाही. बाहेरचं व्हॉल्यूम लिहिण्याच्या स्थितीत कधीही उघडू नका. व्हेराक्रिप्टमध्ये छुप्या भागाला संरक्षण देता येतं. क्रिप्टसेटअपमध्ये, म्हणजेच टेल्समध्येही, ते नाही. बाहेर एक फाइल टाकली की ती आतल्या मजकुरावर बसू शकते. भारतातल्या वाचकांनी आणखी एक जाणून असावं: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणेला डिक्रिप्शनसाठी साहाय्य नाकारल्यास ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'छुपं आहे, कुणाला कळणार नाही' या भरवशावर बेत आखण्याआधी वकिलाशी बोललेलं बरं.

उघडलं नाही तर

याच क्रमानं जा.

आधी मांडणी आणि कॅप्स लॉक. पासवर्ड साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा, तिथून चिकटवा.

मग कीफाइल. प्रत्येक कीफाइलचे पहिले १०,४८,५७६ बाइट वापरले जातात, आणि त्यातला एक जरी बदलला तरी किल्ली वेगळी होते. एमपी-३ गाणं कीफाइल असेल आणि नंतर एखाद्या प्लेयरनं त्यात कलाकाराचं नाव दुरुस्त केलं असेल, तर ती फाइल आता किल्ली राहिली नाही. फोटोचंही तेच, व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत मूळ फोटो नसते. जुन्या बॅकअपमधली, त्या काळातली प्रत शोधा.

पासवर्ड देवनागरीत होता असं आठवतंय? ट्रूक्रिप्टमध्ये ते शक्यच नव्हतं, तिथे साधी आस्की, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरची, अक्षरंच चालत. म्हणजे तेव्हा तुम्ही मराठी शब्द रोमन लिपीत टाकला असणार, आता स्पेलिंगाचे पर्याय लिहून काढा. व्हेराक्रिप्टमध्ये २०१६ च्या १.१७ आवृत्तीपासून देवनागरी चालते, पण तिथे वेगळाच घोळ आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ या एका अक्षरानं टाकतात, काही र आणि नुक्ता असे दोन संकेत देतात, तर काही र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. इनस्क्रिप्टवर बनवलेला पासवर्ड फोनेटिक कीबोर्डवर चालला नाही तर याच अक्षराकडे आधी बघा.

तरीही नाही? मग टर्मिनल. क्रिप्टसेटअपची 'टी-क्रिप्ट डम्प' ही आज्ञा पासवर्ड घेऊन फक्त हेडर वाचते, काही जोडत किंवा बदलत नाही. तिला प्रशासकाचा अधिकारही लागत नाही. हेडर उलगडलं तर हॅश, सायफर आणि पद्धत दिसेल. नाही उलगडलं तर तीच आज्ञा राखीव हेडरचा पर्याय देऊन चालवा. सुरुवातीचं हेडर विंडोजनं किंवा खराब सेक्टरनं खाल्लं असेल तर इथे काम होतं. प्रत्यक्ष उघडण्यासाठी 'ओपन' आज्ञा, प्रकार टी-क्रिप्ट, सोबत फक्त वाचण्याचा पर्याय. छुपं, राखीव आणि सिस्टिम यांसाठी वेगवेगळे पर्याय मॅन्युअलच्या पानावर आहेत. क्रिप्टसेटअप जुनं असेल तर व्हेराक्रिप्टसाठीही वेगळा पर्याय द्यावा लागतो, अलीकडच्या आवृत्त्या ते आपणहून तपासतात.

विंडोज सिस्टिम एन्क्रिप्ट केलेली असेल तर हेडर डिस्कच्या सुरुवातीपासून ३१,७४४ बाइटांवर, म्हणजे पार्टिशनच्या बाहेर असतं. त्यामुळे अशा वेळी नुसत्या पार्टिशनची प्रत पुरत नाही, अख्ख्या डिस्कचीच हवी.

डम्पमध्ये सगळं दिसतंय, पण उघडताना अडतंय आणि पद्धत सीबीसी आहे, असं झालं तर क्रिप्टसेटअपची मर्यादा आली. एक्सटीएस आणि एलआरडब्ल्यू यांचीच तिथे हमी आहे. मग एखाद्या जुन्या, इंटरनेट नसलेल्या संगणकावर त्या काळातलं ट्रूक्रिप्ट ७.१अ चालवणं हा मार्ग उरतो. ते कुठून घेताय आणि त्याची सही जुळते का, हे नीट बघा. बंद पडलेल्या प्रकल्पाच्या नावानं वाटेल ते वाटलं जातं.

व्हेराक्रिप्ट १.२५.९ ही ट्रूक्रिप्ट वाचणारी शेवटची आवृत्ती. जुलै २००८ नंतरच्या व्हॉल्यूमसाठी तीही चालते. टेल्स हाताशी नसेल किंवा काम विंडोजवरच करणं भाग असेल, तर ती वापरा.

पायरी ४: बाहेर काढणे

१.२५.९ मध्ये ट्रूक्रिप्ट व्हॉल्यूमचा पासवर्ड बदलला की ते व्हेराक्रिप्टचं होऊन जातं. काही सेकंदांचं काम, मजकूर हलवायलाच नको. मोहात पडावं असंच आहे, पण मी तो मार्ग सुचवणार नाही. डिस्कवरचा मजकूर ज्या मास्टर कीनं एन्क्रिप्ट केलेला असतो ती हेडरमध्ये ठेवलेली असते, आणि या रूपांतरात फक्त हेडर नव्यानं लिहिलं जातं. दाराचं कुलूप तेच, किल्ली ठेवायची डबी तेवढी नवी. जुन्या हेडरची प्रत कुठल्या बॅकअप सीडीवर, विकून टाकलेल्या लॅपटॉपवर किंवा क्लाउडमध्ये पडली असेल, तर जुना पासवर्ड आणि हजार फेऱ्यांच्या जोरावर तीच मास्टर की आजही हाती लागते. तिनं मग तुमचं 'नवं' व्हॉल्यूमही उघडतं.

म्हणून नवी डिस्क घ्या. डिस्क्स अॅपमध्ये एक्स्ट-४ आणि लक्स निवडून फॉरमॅट करा. टेल्स ५.१३ पासून, म्हणजे मे २०२३ पासून, इथे लक्स-२ आणि आर्गॉन-२ आयडी (पासवर्डवरून किल्ली बनवण्याची नवी रीत) मिळतं. आर्गॉन पासवर्ड तपासताना भरपूर मेमरी वापरायला लावतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची हजारो प्रयत्न एकदम करण्याची ताकद तिथे फारशी कामाला येत नाही. पासवर्ड लांब ठेवा, सहा-सात असंबद्ध शब्दांचा.

ही डिस्क विंडोजवरही उघडायची असेल तर लक्सचा उपयोग नाही, नवं व्हेराक्रिप्ट व्हॉल्यूम करावं लागेल. ते टेल्समध्ये करता येत नाही. टेल्स ते उघडतं, बनवत नाही. काही जणांना हा अपुरेपणा वाटतो, मला तो शहाणपणाचा वाटतो. बनवायची सोय दिली की लोक बनवत राहतात.

मजकूर उतरवल्यावर फाइलींची संख्या आणि चेकसम दोन्ही बाजूंनी ताडून पाहा. मग काही फाइली खरोखर उघडून बघा, विशेषतः मोठे व्हिडिओ. खराब सेक्टरचं नुकसान आधी तिथेच दिसतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीतले जुने वर्डचे कागद अगम्य दिसले तर घाबरायचं कारण नाही. तो फॉन्टचा प्रश्न आहे, डिक्रिप्शनचा नाही.

क्यूब्स, म्हणजे प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात (क्यूबमध्ये) चालवणारी प्रणाली, वापरणाऱ्यांना टेल्सची गरज नाही. नेटवर्क नसलेला एक डिस्पोजेबल क्यूब सुरू करा, डिस्क फक्त वाचण्याच्या स्थितीत त्याला जोडा आणि आत क्रिप्टसेटअप चालवा. जुन्या डिस्कवरच्या फाइलसिस्टिममध्ये काही गडबड असलीच तर ती त्या क्यूबपुरती राहते.

लक्स-१ हेही आता जुनंच

ट्रूक्रिप्टकडे बोट दाखवताना आपल्याच टेल्सच्या जुन्या पेन ड्राइव्हकडे दुर्लक्ष होतं. ५.१३ पूर्वी बनवलेल्या एन्क्रिप्टेड डिस्का लक्स-१ आणि पीबीकेडीएफ-२ या किल्ली बनवण्याच्या जुन्या रीतीवर आहेत. टेल्सचं स्वतःचं कायमस्वरूपी साठवण ५.१४ मध्ये किंवा नंतर उघडलं की आपोआप नव्या पद्धतीवर येतं. तुम्ही वेगळ्या केलेल्या बॅकअप डिस्का मात्र आपोआप बदलत नाहीत.

त्यांच्यासाठी टर्मिनलमध्ये असा क्रम: 'लक्स डम्प'नं आवृत्ती १ आहे का ते पाहा. डिस्क बंद स्थितीत ठेवून हेडरचा बॅकअप घ्या. 'कन्व्हर्ट' आज्ञेनं लक्स-२ करा. मग 'लक्स कन्व्हर्ट की' आज्ञेला आर्गॉन-२ आयडी सांगून किल्ली नव्या पद्धतीवर आणा. ही शेवटची पायरी राहिली तर आवृत्ती २ दिसत राहील आणि कमकुवत भाग जिथल्या तिथेच असेल. भरपूर मेमरीच्या संगणकावर रूपांतर केलं तर आर्गॉन १ जीबीपर्यंत मेमरी मागू शकतं. ती डिस्क पुढे एखाद्या जुन्या लॅपटॉपवर उघडायची असेल तर हे काम त्याच लॅपटॉपवर करा.

सगळं ठीक उघडतंय याची खात्री झाली की हेडरचा तो बॅकअप नष्ट करा, कारण त्यात जुनी, कमकुवत पद्धतीची किल्ली शाबूत आहे.

मूळ डिस्कचं काय

नवी प्रत आणि तिचा दुसरा बॅकअप तयार झाल्यावरच मुळाला हात लावा. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क पूर्ण पुसता येते. ग्नोम डिस्क्समध्ये शून्यांनी भरण्याचा पर्याय आहे, मोठ्या डिस्कला रात्रभर लागेल. फक्त हेडर पुसून चालत नाही, शेवटी राखीव हेडर असतं हे आता तुम्हाला माहीत आहे. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांची गोष्ट वेगळी. झीज सारखी वाटली जावी म्हणून त्यांचा कंट्रोलर जागा बदलत राहतो, त्यामुळे 'पुसलेला' सेक्टर आत कुठेतरी तसाच उरू शकतो. पेन ड्राइव्ह असेल तर तोडून टाका, आतली चिप फुटेल असा. एसएसडीसाठी उत्पादकानं दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा चालवा, आणि मजकूर खरोखर नाजूक असेल तर तीही विकू नका. क्लाउडवर, जुन्या मेलच्या जोडपत्रात किंवा नातेवाइकाकडे 'जपून ठेव' म्हणून दिलेल्या डीव्हीडीवर त्याच कंटेनरच्या आणखी प्रती असतील. सुरुवातीच्या कागदावर त्यांचीही यादी करा आणि एकेक खोडत जा.